दर्शक क्रमांक चार

५ जानेवारी, सोमवार

सोसायटीच्या फलकावर काल 'उद्या पाणी येणार नाही' असे पत्रक लावले होते आणि त्यावर तारीख नव्हती. उद्या म्हणजे कधीचा उद्या? विमा कार्यालयात छत्तीस वर्षे मी तारीख नसलेला एकही कागद पुढे जाऊ दिला नाही. पत्रक काढले, लाल पेनाने शेरा मारला आणि सचिवांच्या दाराखालून आत सरकवले. परिणामी सूचना कोणी वाचलीच नाही आणि आज सकाळी सगळ्या विंगमध्ये लोक साबण लावून उभे. आता म्हणे ते माझ्यामुळे!

संध्याकाळी माझी सून नूपुर म्हणाली, "आई, तुमच्या या नजरेचा कुठेतरी बाहेर उपयोग व्हायला हवा." अकरा वर्षांत ती पहिल्यांदा काही शहाणपणाचे बोलली. रामदासपेठेत एक कंपनी शाळेच्या मुलांसाठी छोटे व्हिडिओ बनवते. व्हिडिओ बघायला त्यांना निवृत्त माणसे हवी आहेत. नूपुरने माझा अर्ज फोनवरून भरूनही टाकला. काय लिहिलेस म्हणून विचारले, तर म्हणाली, "जे आहे ते."

७ जानेवारी, बुधवार

मुलाखत झाली. एका दवाखान्याच्या वर तिसरा मजला. लिफ्टमध्ये शेजारी पायाला प्लास्टर घातलेला माणूस होता. बोलण्याच्या नादात मी एक्स-रेच्या खोलीत आणि तो कंपनीत उतरला.

कंपनीचे नाव 'अडीच मिनिटं', कारण व्हिडिओ तेवढाच असतो. मालक हर्षित. वय तिशीचे, पायात मोजे नाहीत.

"मॅडम, पाण्याचं रासायनिक सूत्र काय?"

"मी इथे सूत्रं सांगायला आलेले नाही."

"बरं. एक भागिले पाव किती?"

"हे बघ बाळा, असले प्रश्न मी विचारत असते. उत्तरं देत नसते."

त्याने आनंदाने टेबलावर हात आपटला. "परफेक्ट! मॅडम, तुमच्यासारखंच कोणीतरी हवं होतं. तीन आठवडे शोधतोय!"

माणसाची पारख असावी तर अशी. सातवीचे सगळे विषय ते अडीच-अडीच मिनिटांत शिकवणार आहेत. प्रत्येक व्हिडिओ आधी चार दर्शकांनी बघायचा आणि चौघांकडून पसंती मिळाली तरच तो पास. मी दर्शक क्रमांक चार. म्हणजे शेवटची सही माझी. ऑफिसातही तसेच होते.

नियम एकच सांगितला. दर्शक आणि शिक्षक यांनी व्हिडिओंबद्दल आपसात चकार शब्द बोलायचा नाही. योग्यच आहे. वशिलेबाजी इथूनच सुरू होते.

९ जानेवारी, शुक्रवार

पहिला दिवस. प्लायवूडच्या पाट्या लावून चार कप्पे केले आहेत. प्रत्येकात एक पडदा, एक खुर्ची आणि कानाला लावायचे यंत्र. व्हिडिओ संपला की पडद्यावर तीन प्रश्न येतात. ते नीट आहेत की नाही हे तपासण्यासाठी असावेत. तपासले. नीट होते. प्रत्येक प्रश्न एक मिनिट थांबतो आणि आपोआप निघून जातो. तेवढ्या वेळात मी माझा शेरा कागदावर लिहिते. दाराजवळ 'सूचना' लिहिलेली लाकडी पेटी आहे, तिच्यात सगळे शेरे टाकून आले. एकूण अकरा.

रीना नावाच्या मुलीने नदीच्या तीन अवस्था शिकवल्या. विषय चांगला मांडला. फक्त ती हात फार हलवते. शेरा: 'मजकूर उत्तम. हात आवरावेत.'

गणित आणि विज्ञान विहंग नावाचा मुलगा शिकवतो. कळमेश्वरचा आहे. "आता आपण भाकर अर्धी करून राहिलो," असे चक्क पडद्यावर बोलतो! आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टांनी त्याला दारातच उभे केले असते. शेरा: 'शर्टाला इस्त्री नाही.' गणिताबद्दल वेगळे काही लिहिले नाही. त्यात लिहिण्यासारखे नव्हते.

शेजारच्या कप्प्यात दर्शक क्रमांक तीन, गणपतराव. कलेक्टर कचेरीतून शिपाई म्हणून निवृत्त झाले. व्हिडिओ बघताना मोठ्याने "हाव बापा" म्हणतात.

१२ जानेवारी, सोमवार

आज बहुतेक सगळे व्हिडिओ दुरुस्त होऊन परत आले. तीन दिवसांत! माझ्या शेऱ्यांची एवढी दखल सरकारी कंपनीतसुद्धा कोणी घेतली नव्हती.

दुरुस्ती मात्र भलतीच. रीनाचे हात तसेच हलत आहेत, पण ती आता एकेक शब्द तोडून बोलते. "न-दी. डों-ग-रा-तू-न. ये-ते." मी काय बहिरी आहे? निषेध म्हणून प्रश्नांकडे ढुंकूनही पाहिले नाही. शेरा: 'पहिला व्हिडिओ उत्तम होता. हा कोणासाठी बनवला आहे?'

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. ऑफिसात तिळगूळ वाटला. विहंग माझ्या कप्प्याशी आला आणि वाकून नमस्कार केला. शर्टाला आज इस्त्री होती. चेहऱ्याला नव्हती.

"काय रे, सणाच्या दिवशी असा का?"

"काही नाही काकू." मग म्हणाला, "एकतीस तारखेपर्यंत माहे वीस व्हिडिओ पास झाले त मी इथं पक्का. नाही त एक तारखेपासून कळमेश्वर. बाबानं एमआयडीसीतल्या कारखान्यात बोलून ठेवलं आहे. पॅकिंगमध्ये. बाबा म्हणते, शिकवण्याचं खूळ झालं असंन त ये आता."

"मग किती पास झाले?"

"एकही नाही."

"एकही नाही? का?"

"तिघं जणं पास करून राहिले. एक दर्शक आहे..." तो माझ्या हातातल्या तिळगुळाकडे बघत राहिला. "नाव नाही सांगता येत, काकू. नियम आहे."

"कोण आहे तो मूर्ख? मी आत्ता हर्षितशी बोलते!"

"नको नको नको!" म्हणत तो जवळजवळ पळालाच.

मुलगा मेहनती आहे. एका आडमुठ्या दर्शकापायी त्याला खोकी बांधायला जावे लागणार असेल, तर हा अन्याय मी डोळ्यांदेखत होऊ देणार नाही. माझा संशय गणपतरावांवर आहे. व्हिडिओ चालू असताना ते शेंगदाणे खातात.

१६ जानेवारी, शुक्रवार

गणपतरावांना जिन्यात गाठले. "एका मुलाच्या भवितव्याचा प्रश्न आहे. जरा लक्ष देऊन बघत जा," असे स्पष्ट सुनावले.

"मी? माहे त सगळे बरोबर येतात."

"काय बरोबर येतात?"

"उत्तरं. ते तीन प्रश्न येतात ना."

"तुम्ही त्यांची उत्तरं देता? अहो, परीक्षक कधी उत्तरपत्रिका लिहितो का?"

त्यांनी कठडा धरला. "म्हणजे तुम्ही एकाचंही नाही देत? काहून वं बाई?"

मला 'वं' म्हणाले, म्हणजे 'गं'! मी सदुसष्ट वर्षांची बाई, माझ्या हाताखाली बावीस माणसे होती! मी काही बोलणार तेवढ्यात ते हसू लागले आणि पहिल्या मजल्यापर्यंत हसत गेले. मी वरून विचारले, यात हसण्यासारखे काय आहे? तर म्हणतात, "बोलाची मनाई आहे, बाई. नियम आहे."

त्यानंतर दिवसभर प्लायवूडची पाटी हलत होती.

नदी आज पुन्हा आली. चौथ्यांदा. रीनाने डोक्याला निळी ओढणी बांधली होती आणि ती लाडिक आवाजात म्हणत होती, "बाळांनो, नदीताई कुठे चालल्या? समुद्रमामाकडे! भुर्रर्र!" शिक्षणाचा हा ऱ्हास मी उघड्या डोळ्यांनी बघते आहे. शेरा पाठपोट लिहिला. प्रश्न अर्थात कोरे.

२० जानेवारी, मंगळवार

विहंग पान झाला आहे.

म्हणजे झाडाचे पान. प्रकाशसंश्लेषण शिकवताना त्याने हिरवी चादर पांघरली होती आणि टेबलफॅनसमोर उभा राहून तो डोलत होता. सूर्य म्हणून हर्षित स्वतः पिवळे हेल्मेट घालून स्टुलावर चढला होता. कंपनीचा मालक! मला प्रकाशसंश्लेषण पहिल्याच व्हिडिओत कळले होते, तेव्हा त्याने साधी मेथीची जुडी हातात धरली होती. ते किती छान होते. मग कोणाच्या डोक्यातून निघते हे सगळे? वरून कोणाचा तरी दबाव असणार.

घरी नूपुरला सांगितले, तर ती पाणी पिता पिता ठसकली. म्हणाली, "आई, तुम्ही प्रश्नांची उत्तरं देऊन बघा ना एकदा."

"तुला काय माहीत तिथे प्रश्न असतात ते?"

"अंदाज," म्हणाली आणि कुकर बघायला गेली. कुकर लावलेलाच नव्हता.

२३ जानेवारी, शुक्रवार

अपूर्णांकांचा भागाकार, सातवी आवृत्ती. विहंगने पुठ्ठ्याचा अपूर्णांक अंगात घातला होता. छातीवर एक, पोटावर दोन, मध्ये आडवी रेघ. "अपूर्णांकानं भागाचं असंन त त्याले उलटा करा अन् गुणा!" असे म्हणत तो भिंतीला पाय लावून शीर्षासनात उभा राहिला. दोन वर, एक खाली. मग पुठ्ठा घसरून त्याच्या तोंडावर आला आणि पुढचे स्पष्टीकरण पुठ्ठ्याच्या आतून ऐकू आले.

गणपतराव पलीकडे खुर्चीवरून पडले, असा आवाज आला.

मला मात्र हसू आले नाही. हे इथेच लिहून ठेवते, कारण ही वही माझ्या कपाटात कुलपात असते. उलटा का करायचा? भागले की वस्तू कमी होते. मग दहाला अर्ध्याने भागल्यावर वीस कसे होतात? सातवीत मी हेच सिस्टर बेनेडिक्टांना विचारले होते. त्यांनी मला तासभर बाकावर उभे केले. त्यानंतर मी विचारणे सोडले आणि गणितात पस्तीसच्या आसपास राहून बाहेर पडले. ऑफिसात तक्ते होते, यंत्रे होती. कोणी कधी विचारले नाही.

म्हणजे बाकीचे प्रश्न मी तत्त्व म्हणून कोरे सोडते. गणिताचेही तत्त्व म्हणूनच सोडते. पण तत्त्व नसते तरी ते कोरेच राहिले असते.

२७ जानेवारी, मंगळवार

दुपारी खाली चहाच्या टपरीवर विहंग एकटाच बसला होता. चहा गार झालेला. मी विचारले, किती झाले? अजून शून्य. चार दिवस राहिले.

"त्या दर्शकाला समजत नसेल तर त्याला सरळ विचार ना, कुठे अडलं म्हणून."

त्याने वर पाहिले. डोळे लाल होते. "विचारू?"

"मग! त्यात काय भ्यायचं?"

"काकू," तो म्हणाला, "तुम्हाले कुठं अडलं?"

काय उद्धटपणा! मी उठून चालू लागले. दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले. फाटकात एक म्हातारी मुलाला गोळ्या कशा घ्यायच्या ते दहांदा विचारत होती आणि मुलगा दहांदा सांगत होता. तिला काही लाज वाटत नव्हती. मी परत आले.

"माझ्या एका मैत्रिणीला एक शंका आहे," मी म्हटले. "भागल्यावर आकडा मोठा कसा होतो?"

तो मैत्रिणीबद्दल काही बोलला नाही. "काकू, तुम्ही बीपीची गोळी घेता?"

"अर्धी. रोज सकाळी. मोडताना निम्मी भुकटी होते ते वेगळं."

"एका पाकिटात गोळ्या किती?"

"दहा."

"किती दिवस पुरतात?"

"वीस. हे काय विचारणं झालं?"

"कसं काढलं?"

"काढायचं काय त्यात? एकेका गोळीचे दोन दिवस होतात..."

आणि मी तिथेच थांबले. टपरीवाल्याने विचारले, बाई, बरं वाटत नाही काय? दहात अर्धे किती वेळा बसतात, एवढाच प्रश्न होता. सहा वर्षे मी रोज सकाळी दहाला अर्ध्याने भागते आहे! सिस्टर बेनेडिक्टांना एवढे एक वाक्य बोलायला काय झाले होते?

विहंगला म्हटले, "मैत्रिणीला सांगते." येताना त्याला दुसरा चहा पाजला.

२८ जानेवारी, बुधवार

आजचा दिवस काळा आहे.

सकाळी अपूर्णांक आठव्यांदा आला आणि मी, केवळ आनंदाच्या भरात, तीनही प्रश्नांची उत्तरे दिली. तीनही बरोबर. बाहेर टाळ्या वाजल्या. रीना नाचली. मला वाटले, कोणाचा तरी वाढदिवस असेल.

मग हर्षित गंभीर चेहऱ्याने आला. "मॅडम, सात वेळा शून्य आणि आज एकदम तीन? कोणी बाहेर शिकवलं?"

"शून्य?" मी म्हटले. "कसलं शून्य?"

विहंग पुढे आला आणि म्हणाला, "मी शिकवलं सर. चूक माही आहे."

आणि मग खरा प्रकार बाहेर आला. मी परीक्षक नाही. इथे कोणीच परीक्षक नाही. दर्शकाला उत्तर आले तर व्हिडिओ समजला, नाही आले तर पुन्हा बनवायचा. ज्याला विषयातले काही कळत नाही असा माणूस त्यांना दर्शक म्हणून हवा असतो. मी कोरे सोडत गेले आणि ते सोपे करत गेले. नदीताई माझ्यासाठी होती. पान माझ्यासाठी. शीर्षासनसुद्धा माझ्यासाठी. आणि तो मूर्ख आडमुठा दर्शक, ज्याच्यापायी मुलगा खोकी बांधायला चालला आहे...

मी माझा अर्ज मागितला. हर्षित नको म्हणत असतानाच रीनाने छापून दिला. नूपुरने भरलेला. 'गणित: काही येत नाही. विज्ञान: काही येत नाही. न समजल्यास विचारतात का: नाही. न समजल्याचे कबूल करतात का: कधीच नाही. स्वभाव: प्रत्यक्ष भेटून पाहावा.'

पर्स घेतली आणि निघाले. लिफ्टची वाट पाहिली नाही. जिना उतरताना मागून विहंग "काकू, काकू" म्हणत होता. थांबले नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

गेले नाही. नूपुरशी बोलणार नव्हते, पण न बोलता भांडता येत नाही.

"सासूची अब्रू फोनवरून विकलीस!"

"आई, अर्ज खरा भरावा, एकही रकाना खोटा नको, हे मला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी कोणी सांगितलं होतं?"

"'कधीच नाही' असं लिहायची काय गरज होती? 'क्वचित' लिहायचंस."

"बरं, मग सांगा. शेवटचं कधी कबूल केलंत?"

मी उत्तर दिले नाही. तिने एक मिनिट वाट पाहिली आणि निघून गेली. अगदी त्या पडद्यासारखी.

दुपारी गणपतरावांचा फोन आला. "बाई, तुमची ती सूचनापेटी उघडली. तिची चाबी दोन वर्षांपासून हरवली होती म्हणते, कोणी पाहतच नव्हतं. मीच पेचकस लावला. एकशे चार चिठ्ठ्या निघाल्या तुमच्या! हर्षित मोठ्यानं वाचून राहिला अन् सगळे पोट धरून आहेत. पण त्यात लिहिलं आहे ना, पहिला व्हिडिओ समजला, पहिला छान होता. आता तो म्हणते, मॅडमनं पहिले व्हिडिओ पुन्हा पाहून खरी उत्तरं दिली त पोराचे पास होऊ शकतात. व्हिडिओनं शिकवलेलं चालते. माणसानं शिकवलेलं नाही चालत."

"मी राजीनामा दिला आहे."

"लिहून दिला?"

"नाही."

"तारीख टाकली?"

"नाही."

"मंग तो कुठला राजीनामा, बाई?"

या माणसाला शिपाई कोणी ठेवले होते?

३० जानेवारी, शुक्रवार

गेले. कोणाशी न बोलता कप्प्यात बसले आणि सकाळी दहापासून विहंगचे सगळे पहिले व्हिडिओ एकामागून एक पाहिले. मेथीची जुडी, दोरीचे लंबक, मिठाचे पाणी, टक्केवारी वगळून सगळे गणित. शर्टाकडे बघितले नाही, फक्त ऐकले. मुलगा फार चांगले शिकवतो. "करून राहिलो" म्हटले की काम खरेच आपल्यासमोर चालू आहे असे वाटते. उत्तरेही दिली. काही चुकली. तीनपैकी दोन बरोबर आली की चालते, हे मला आजच कळले.

पाच वाजता एकोणीस पास. बाहेर शिट्ट्या.

अपूर्णांकांचा भागाकार मात्र बाद. मला टपरीवर शिकवले ना! मी हर्षितला म्हटले, विसरले असे समज. तो म्हणाला, "मॅडम, नियम तुम्हीच सांगा. तुम्ही ऑफिसात असता तर चालवून घेतलं असतं?" नसते घेतले. कार्ट्याने बरोबर जागी बोट ठेवले.

म्हणजे विसावा व्हिडिओ नवीन हवा. उद्या. आणि विषय असा हवा, जो मला खरोखर येत नाही आणि कोणी शिकवलेला नाही. हर्षितने कोरा कागद पुढे ठेवला. "मॅडम, सातवीच्या गणितातलं तुम्हाला काय काय येत नाही, त्याची यादी द्या."

सगळे उभे होते. रीना, गणपतराव, चहावाला. विहंग खिडकीतून बाहेर बघत होता.

"यादी फार लहान आहे," मी म्हटले. आणि पेन उघडले.

दोन पाने झाली. तिसरे मागावे लागले. तारीख टाकून खाली सही केली. हर्षितने त्यातून एक निवडले: ऋण संख्येला ऋण संख्येने गुणले की उत्तर धन का येते. हे मी सिस्टरना विचारलेच नव्हते. तोपर्यंत शहाणी झाले होते.

३१ जानेवारी, शनिवार

पायाला लचक आहे, टेकूवर ठेवून लिहिते आहे.

विहंगने सकाळी सातला दवाखान्यामागच्या गल्लीत व्हिडिओ काढला. चादर नाही, पुठ्ठा नाही. तो पडद्यावर नुसता उभा राहून म्हणाला, "पुढे चालणं म्हणजे अधिक. मागे चालणं म्हणजे उणे. व्हिडिओ सरळ लावला त अधिक. उलटा फिरवला त उणे." मग तो पुढे चालला. मग मागे चालला, तेव्हा एका झोपलेल्या कुत्र्यावर आदळला आणि कुत्रे त्याच्या मागे लागले. मग म्हणाला, "आता मी उलटा चाललो, अन् व्हिडिओही उलटा फिरवून राहिलो. पाहा."

आणि विहंग गल्लीतून ऐटीत पुढे चालत आला. कुत्रे मात्र मागे मागे पळत जाऊन झोपी गेले.

मी तोंडावर हात ठेवला. दोन्ही उलटे, म्हणून सुलटे! हे फळ्यावर कोणी कसे दाखवणार? सिस्टरांना मी आज निम्मे माफ केले. त्यांच्याकडे कुत्रे नव्हते.

बाकी तिघांनी हा व्हिडिओ आधीच पास केला होता. मग मला प्रश्न आले. पहिला: अधिक दोन गुणिले उणे पाच. घाईने अधिक दहा दाबले. पडदा लाल झाला. पलीकडे गणपतरावांचे शेंगदाणे थांबले.  दोनच प्रश्न राहिले होते आणि दोन्ही बरोबर यायला हवे होते. दुसरा: उणे पाच गुणिले अधिक दोन. डोळे मिटले. मागे चालतो आहे, व्हिडिओ सरळ आहे. मागेच जाणार. उणे दहा. हिरवा.

तिसरा: उणे चार गुणिले उणे तीन. आणि माझ्या डोक्यातून कुत्रे, गल्ली, सगळे निघून गेले. घड्याळात चाळीस सेकंद. विहंगच्या बापाने पॅकिंगमध्ये बोलून ठेवले आहे, एवढेच आठवत होते. मी उठले. माणसाला डोक्याने आठवत नसेल तर पायांनी आठवावे. कप्प्यात मी चार पावले मागे चालायला निघाले. तिसऱ्या पावलाला कानाच्या यंत्राची वायर ताणली, चौथ्याला मी प्लायवूडवर आदळले आणि पाटीसकट गणपतरावांच्या अंगावर गेले.

"बाई, लागलं काय वं?"

"गप्प बसा! मी उलटी चालले ना? आता हे उलटं फिरवा!"

"काय फिरवू?"

पण मला दिसले. मी खुर्चीतून उलटी निघाले, आणि उलटे फिरवले तर मी पाटीवरून उठून चार चार पावले तीनदा पुढे, थेट खुर्चीपर्यंत. मी लंगडत गेले. अकरा सेकंद. अधिक. बारा.

हिरवा.

त्यानंतर काय झाले ते नीट सांगता येत नाही, कारण चष्मा पाटीखाली होता. कोणीतरी मला उचलले, बहुधा रीनाने, हात फार हलत होते. विहंग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मग फोन काढून वडिलांना म्हणाला, "बाबा, नाही येऊन राहिलो." आणि एवढेच बोलून रडायला लागला. मी त्याला सांगितले की पुरुषाने गल्लीत असे उलटे चालणे धोक्याचे आहे आणि रुमाल दिला. इस्त्रीचा.

दवाखाना खालीच असल्यामुळे पायाला पट्टी बांधून लगेच वर आले. मग हर्षित आला आणि हात जोडून म्हणाला, "मॅडम, वाईट वाटतं, पण सातवीच्या गणिताला तुम्ही आता आम्हाला चालणार नाही. तुम्हाला येतं."

नूपुर मला न्यायला आली होती. ती दारातच थांबली. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"सोमवारपासून आठवीचं सुरू करतोय," हर्षित म्हणाला. "पण आम्हाला खात्री हवी. आठवीचं तुम्हाला काही येत नाही ना?"

"काहीही येत नाही," मी म्हटले. आवाज जरा मोठाच निघाला असावा, खालच्या मजल्यावरून नर्स वर बघायला आली.

"नक्की?"

"शंभर टक्के. आणि टक्केवारीही येत नाही. लिहून घे."